अचूक लेन्स, प्रिझम, विंडो कोणाकडून बनवून घ्यावी? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वेर्ण्याच्या औषध कारखान्यात कुप्या तपासणाऱ्या कॅमेऱ्याची लेन्स, दोना पावल्याहून समुद्रात सोडायच्या सेन्सरची विंडो (प्रकाश आरपार सोडणारी सपाट काच), ताळगाव पठारावरच्या प्रयोगशाळेतला लेसरचा आरसा: गोव्यात अशा वस्तूंची गरज वाढते आहे, पण त्या बहुतेक वेळा बाहेरून बनवून आणाव्या लागतात. उत्पादक पाचशे किलोमीटरवर किंवा परदेशात असतो आणि उठून त्याच्या दारात जाता येत नाही. खालची उत्तरे अशा खरेदीदारासाठी आहेत.

चौकशी पाठवण्याआधी हातात काय हवे?

ड्रॉइंग हवे. "उत्तम दर्जाची २५ मिमीची लेन्स, फोकल लेंग्थ १००" एवढेच लिहून दहा जणांना ईमेल केली, तर दहा वेगवेगळ्या वस्तूंचे भाव येतात. तुम्ही मोकळ्या सोडलेल्या जागा प्रत्येक जण आपापल्या सोयीने भरतो. स्वस्त दिसणारा भाव पुष्कळदा अशा भरलेल्या जागांमुळेच स्वस्त असतो.

ड्रॉइंगवर काचेचे नेमके नाव, व्यास, मध्यावरची जाडी, दोन्ही बाजूंच्या त्रिज्या, क्लिअर अ‍ॅपर्चर (प्रत्यक्ष वापरात येणारा मधला भाग), कडेचा बेव्हल (घासून मोडलेली धार) आणि कोटिंग हे सगळे हवे. आयएसओ १०११० या मानकात यासाठी ठरलेले आकडे आहेत: ० म्हणजे काचेतला ताण, १ बुडबुडे, २ काचेचा एकजिनसीपणा, ३ पृष्ठभागाचा आकार, ४ सेंटरिंग, ५ ओरखडे-खड्डे, ६ लेसर सहन करण्याची क्षमता. हे आकडे वापरले की समोरच्या देशाची भाषा कोणती हा प्रश्नच उरत नाही.

याशिवाय एक साधी ओळ जरूर लिहावी: वस्तू कशासाठी, कोणत्या तरंगलांबीला, प्रकाश किती कोनात पडणार, आणि ती कुठे बसणार. "एसी खोलीत" आणि "बोटीवर, खाऱ्या वाऱ्यात" या दोन उत्तरांवर कोटिंगची सगळी निवड बदलते. चांगला उत्पादक ही ओळ वाचून उलट प्रश्न विचारतो. एकही प्रश्न न विचारता तासाभरात भाव पाठवणाऱ्यापासून जपून असावे.

टॉलरन्स (मापात चालणारी चूक) जितका कडक तितके चांगले ना?

नाही. प्रत्येक कडक आकडा म्हणजे जास्त वेळ, जास्त फेकून दिलेले नग आणि वाढलेला भाव. कॅमेऱ्यापुढे फक्त धूळ अडवायला लावलेल्या काचेला लॅम्बडा/१०, म्हणजे तरंगलांबीच्या दहाव्या भागाइतकीच चूक, मागणे म्हणजे पैसे वाया घालवणे.

कामाच्या जवळ राहून हिशेब करावा. २५ मिमी व्यासाच्या विंडोला ३ आर्कमिनिटांचा (आर्कमिनिट म्हणजे अंशाचा साठावा भाग) वेज, म्हणजे दोन बाजूंमधला तिरकेपणा, असेल तर कडेच्या जाडीत सुमारे २२ मायक्रॉनचा फरक पडतो. हा फरक तुमच्याकडच्या मायक्रोमीटरवरही दिसतो. १ आर्कमिनिटाच्या वेजमुळे बीके७ या नेहमीच्या ऑप्टिकल काचेतून जाणारा किरण अर्ध्या आर्कमिनिटाने वळतो, म्हणजे एक मीटरवर साधारण ०.१५ मिमी. एवढे सरकणे तुमच्या यंत्राला चालत असेल तर पुढे कडक मागण्यात अर्थ नाही.

व्यासाचा टॉलरन्स नेहमी वजा बाजूला द्यावा, उदाहरणार्थ +०/-०.०५ मिमी. लेन्स भोकात सैल बसली तर निभावून नेता येते, पण मोठी झाली तर ती बसतच नाही.

"लॅम्बडा/१०" लिहून दिले, तरी फसगत होते ती कुठे?

सर्वांत जास्त इथेच होते, म्हणून हे उत्तर लांब आहे.

मोजणी बहुतेक ठिकाणी ६३२.८ नॅनोमीटरच्या हीलियम-निऑन लेसरवर होते. त्या हिशेबाने लॅम्बडा/१० म्हणजे सुमारे ६३ नॅनोमीटर. पण हा आकडा कशाचा, हे लिहिलेले नसते. तो पृष्ठभागाचा असू शकतो, आरपार जाणाऱ्या तरंगाचाही असू शकतो. आरशावर सरळ पडलेल्या प्रकाशात पृष्ठभागाची चूक दुप्पट होते: लॅम्बडा/१० चा आरसा तरंगात लॅम्बडा/५ ची चूक घालतो. उलट काचेच्या विंडोत एका पृष्ठभागाची चूक साधारण निम्मीच उतरते, कारण तिथे अपवर्तनांकातून १ वजा होतो. म्हणून आरशाला पृष्ठभागाचा आकडा मागावा आणि विंडोला आरपार तरंगाचा.

दुसरी गोष्ट म्हणजे आकडा शिखर ते दरी (सर्वांत उंच आणि सर्वांत खोल बिंदूंतला फरक) आहे की आरएमएस (सगळ्या पृष्ठभागाची सरासरी चूक). आरएमएसचा आकडा नेहमी लहान दिसतो. तिसरी गोष्ट पॉवरची. सॉफ्टवेअरमध्ये एक खूण केली की पृष्ठभागाचा एकसारखा फुगवटा मोजणीतून वजा होतो आणि चित्र सपाट दिसू लागते. ज्या आरशाची सपाटी हेच त्याचे काम आहे, त्याला ही वजाबाकी चालणार नाही. चौथी गोष्ट मास्कची: मोजणी किती व्यासावर केली? २५ मिमीच्या नगावर मधल्या १५ मिमीचाच इंटरफेरोग्राम (पृष्ठभागाच्या मोजणीचे पट्ट्यांचे चित्र) आला असेल, तर कडेची उतरलेली पॉलिश त्यात दिसत नाही, आणि पॉलिश उतरते ती कडेलाच.

इंटरफेरोग्रामच्या कागदावर या चारही गोष्टी, तारीख आणि तुमच्या नगाचा क्रमांक हवा. "नमुन्यादाखल" पाठवलेला सुंदर रंगीत इंटरफेरोग्राम दुसऱ्याच कोणाच्या नगाचा असतो.

स्क्रॅच-डिग (ओरखडे-खड्ड्यांची प्रत) ४०-२० म्हणजे ४० मायक्रॉनचा ओरखडा आणि २० मायक्रॉनचा खड्डा का?

नाही, आणि हा गैरसमज दोन्ही बाजूंना असतो. एमआयएल-पीआरएफ-१३८३०बी या जुन्या लष्करी मानकात पहिला आकडा ठरावीक उजेडात ठरावीक नमुन्याशी डोळ्याने केलेली तुलना आहे. दुसरा आकडा खड्ड्याचा व्यास शतांश मिलिमीटरमध्ये सांगतो, म्हणजे २० म्हणजे ०.२ मिमी. साध्या कामाला ६०-४० पुरते, इमेजिंगला ४०-२०, लेसरला २०-१० किंवा १०-५.

उत्पादकाला एकच विचारावे: तुलनेसाठी तुमच्याकडे नमुना पट्टी आहे का आणि ती शेवटची कधी तपासून घेतली? पट्टी नसेल तर त्याचा ४०-२० हा केवळ अंदाज आहे.

समोरचा खरा कारखानदार आहे की मधला व्यापारी, हे दुरून कसे ओळखायचे?

मधला व्यापारी असणे हा गुन्हा नाही. काही व्यापारी माल नीट तपासून देतात. पण त्यांनी तसे सांगितले पाहिजे, कारण नग बिघडला तर कोणाच्या टेबलावर तो पुन्हा जाणार, हे तुम्हाला ठाऊक हवे.

ओळखायचा सोपा मार्ग म्हणजे त्याची टेस्ट प्लेट यादी मागणे. गोलाकार लेन्स पॉलिश करताना तिची त्रिज्या ठरावीक त्रिज्येच्या नमुना काचेवर ठेवून, मध्ये दिसणारी रंगीत वलये मोजून तपासतात. एक वलय म्हणजे अर्ध्या तरंगलांबीचा फरक. वर्षानुवर्षे काम करणाऱ्या कारखान्याकडे अशा शेकडो काचा असतात आणि त्यांची यादी तो सहज पाठवतो. व्यापाऱ्याकडे ती नसते.

यादी हाती आली की आणखी एक फायदा होतो. तुमच्या डिझाइनमधली ५१.३ मिमीची त्रिज्या त्याच्याकडच्या ५१.६८ वर नेता आली, तर नवी टेस्ट प्लेट बनवण्याचा खर्च आणि काही आठवडे दोन्ही वाचतात. डिझाइन करणाऱ्याला हे सुरुवातीलाच सांगावे. ड्रॉइंग पक्के झाल्यावर कोणी त्रिज्या बदलायला तयार होत नाही.

पुढचे प्रश्न असे: ग्राइंडिंग, पॉलिशिंग, सेंटरिंग आणि कोटिंग यांपैकी काय घरात होते आणि काय बाहेर जाते? पॉलिशिंगच्या खोलीचे तापमान किती आणि ते रात्री टिकते का? पॉलिशची पिच (डांबरासारखा पदार्थ) थोड्या तापमानबदलानेही मऊ-कडक होते आणि पृष्ठभागाचा आकार बिघडतो. इंटरफेरोमीटरचा संदर्भ पृष्ठभाग कितीचा आणि त्याचे कॅलिब्रेशन कोणाकडून? अशा प्रश्नांना ज्याचा उत्पादन विभाग उत्तर देतो तो कारखाना, आणि ज्याचा फक्त विक्री विभाग उत्तर देतो तिथे आणखी चौकशी करावी.

आयएसओ ९००१ प्रमाणपत्र आहे. पुरे का?

पुरे नाही. ते प्रमाणपत्र सांगते की कामाची पद्धत लिहिलेली आहे आणि तिच्या नोंदी ठेवल्या जातात. लेन्स मोजमापात बसते की नाही, हे ते सांगत नाही. मोजमापाची उपकरणे एनएबीएलमान्य (प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाची मान्यता असलेल्या) प्रयोगशाळेतून कॅलिब्रेट केलेली आहेत का, हा प्रश्न जास्त कामाचा आहे.

काच बदलून दिली तर आपल्याला कळेल का?

नुसत्या डोळ्याने कळणार नाही. जर्मनीच्या शॉट कंपनीच्या एन-बीके७ ऐवजी चिनी एच-के९एल देणे ही रोजची गोष्ट आहे. दोन्हींचा अपवर्तनांक १.५१६८ आहे आणि अ‍ॅबे क्रमांक (काच रंग किती वेगळे करते त्याचा आकडा) जवळजवळ सारखा. साध्या विंडोला किंवा एकट्या लेन्सला काही फरक पडत नाही. पण दोन काचांची जोडलेली अ‍ॅक्रोमॅट (रंगांची चूक सुधारणारी लेन्स) असेल, किंवा अतिनील प्रकाशाचे काम असेल, तर कारखान्याने तुम्हाला विचारूनच बदल करावा. परचेस ऑर्डरवर "समतुल्य काच लेखी मंजुरीशिवाय नको" असे लिहावे आणि काचेच्या त्या ओतणीचे मेल्ट प्रमाणपत्र मागावे.

फ्युज्ड सिलिका मागितली असेल तर ते जास्त महत्त्वाचे. तिचे उष्णतेने प्रसरण बीके७ च्या साधारण तेराव्या भागाइतके असते आणि यंत्राचा सगळा हिशेब त्यावर उभा असतो.

गोव्याच्या हवेत कोणते कोटिंग टिकते?

आधी कोटिंग का, ते थोडक्यात. कोटिंग नसलेल्या बीके७ च्या प्रत्येक पृष्ठभागावरून ४ टक्क्यांहून थोडा जास्त प्रकाश परत फिरतो. पाच लेन्स म्हणजे दहा पृष्ठभाग, आणि पलीकडे पोचतो तो सुमारे ६५ टक्के. मॅग्नेशियम फ्लोराइडच्या एका थराने प्रत्येक पृष्ठभागाचा तोटा दीड टक्क्यावर येतो. अनेक थरांच्या ब्रॉडबँड कोटिंगने तो अर्ध्या टक्क्याखाली जातो.

आता हवेचे. मृगाचा पाऊस लागला की कितीतरी दिवस हवा ओलावलेलीच राहते, आणि किनाऱ्यावर तिच्यात मीठ असते. साध्या इलेक्ट्रॉन-बीमने चढवलेल्या कोटिंगच्या थरांत सूक्ष्म पोकळ्या राहतात. त्यांत ओल शिरली की थराचा अपवर्तनांक वाढतो आणि फिल्टरचा पट्टा काही नॅनोमीटर लांब तरंगलांबीकडे सरकतो. कारखान्याच्या कोरड्या खोलीत ५३२ नॅनोमीटरवर बरोबर बसलेला अरुंद फिल्टर जुलैत तुमच्याकडे ५३२ ला कमी प्रकाश सोडू लागतो. यंत्र बिघडले असे समजून लोक लेसर बदलतात. अरुंद फिल्टर घेताना आयन-असिस्टेड किंवा स्पटरिंगचे घट्ट कोटिंग मागावे. ते महाग असते, पण ओलीने जागचे हलत नाही.

चांदीच्या आरशाचे परावर्तन उत्तम, पण किनारपट्टीवर कडेपासून काळसर डाग आत सरकत येतात. परावर्तन थोडे कमी चालत असेल तर संरक्षित अ‍ॅल्युमिनियम घ्यावे. उघडे सोने इतके मऊ असते की पुसलेलेही त्याला सहन होत नाही.

ऑर्डरमध्ये टिकाऊपणाच्या चाचण्यांची नावे हवीत: चिकटपट्टी ओढून पाहण्याची, कापडाने ५० वेळा घासण्याची, ओलीत २४ तास ठेवण्याची, आणि वस्तू बाहेर वापरायची असेल तर मिठाच्या फवाऱ्याचीही. या चाचण्या तुमच्या नगावर होत नाहीत. तुमच्या नगांसोबत त्याच चेंबरमध्ये, त्याच फेरीत ठेवलेल्या छोट्या साक्षी काचेवर होतात. ती साक्षी काच आणि तिचा स्पेक्ट्रोफोटोमीटरचा आलेख मालासोबत मागून घ्यावा आणि जपून ठेवावा. वर्षभराने फिल्टरवर शंका आली तर तुलनेला तेवढीच एक वस्तू तुमच्याकडे असेल.

एफटीआयआर (इन्फ्रारेड वर्णपट मोजणाऱ्या) यंत्राच्या पोटॅशियम ब्रोमाइडच्या विंडो पावसाळ्यात धुरकट होतात. उत्पादक बदलावा का?

उत्पादकाचा दोष क्वचितच असतो. हा क्षार हवेतली ओल ओढतो आणि त्याचा पृष्ठभाग विरघळू लागतो. यंत्र सतत कोरड्या नायट्रोजनवर किंवा डेसिकेटरसह चालू ठेवावे. काम होण्यासारखे असेल तर झिंक सेलेनाइडच्या विंडो घ्याव्यात.

पाण्याखालच्या कॅमेऱ्याची विंडो मागवताना काय वेगळे पाहायचे?

खोली आधी सांगावी. दर १० मीटरला साधारण १ बार दाब वाढतो. २०० मीटरवर ५० मिमी व्यासाच्या विंडोवर सुमारे ४०० किलो भार बसतो. जाडीचा हिशेब आधार नसलेल्या व्यासावर, म्हणजे ओ-रिंगच्या आतल्या मोकळ्या भागावर करायचा आणि त्यात सुरक्षितता गुणांक ४ तरी धरायचा. हा हिशेब उत्पादकाकडून लेखी घ्यावा.

बाहेरच्या बाजूला हवेसाठी बनवलेले कोटिंग मागू नये. पाण्याला लागलेल्या बीके७ च्या पृष्ठभागावरून फक्त ०.४ टक्के प्रकाश परततो. तिथे कोटिंग चढवून फायदा नाही आणि शेवाळ-शिंपले खरवडताना ते निघूनच जाणार. कोटिंग फक्त आतल्या, हवेच्या बाजूला. नीलमणी म्हणजे सफायरची विंडो घेतलीत तर हिशेब बदलतो: हवेच्या बाजूने ७ टक्क्यांहून जास्त, पाण्याच्या बाजूने सुमारे २ टक्के. पण खरवडायला सफायरसारखी टणक काच नाही.

पातळ विंडो कारखान्यात सपाट होती, आपल्याकडे वाकडी आली. असे का होते?

पॉलिश करताना नग मेणाने किंवा पिचने ठोकळ्यावर चिकटवतात. चिकटलेला असताना तो ठोकळ्याच्या आकारात दाबलेला असतो. सोडवला की मूळ ताणाप्रमाणे उसळतो. व्यास जाडीच्या सहा-आठ पटींपेक्षा जास्त असेल तर हे हमखास घडते. त्यातच एका बाजूला जाड कोटिंग चढवले तर त्याचा ताणही काचेला वाकवतो. म्हणून "अंतिम मोजणी सोडवल्यानंतर आणि कोटिंगनंतर, नग सैल ठेवून" असे ऑर्डरमध्ये लिहावे. जागा असेल तर जाडी वाढवणे हा सर्वांत स्वस्त उपाय.

पहिल्यांदा किती नग मागवावेत?

पाच नग नमुना म्हणून, मग मोठी ऑर्डर. पाचचा दर जास्त लागतो, कारण एका ठोकळ्यावर एका वेळी अनेक नग पॉलिश होतात आणि पाचासाठीही ठोकळा तसाच बांधावा लागतो. पण ते पाच नग यंत्रात बसवून पाहिल्याशिवाय शंभराची ऑर्डर देऊ नये. शंभर आल्यावर आयएस २५०० भाग १ प्रमाणे साधारण पातळीला त्यातले २० नग तपासायचे असतात. किती दोषी नगांवर सगळी खेप परत जाईल, हे आधीच ठरवून लिहावे.

पावसाळ्यात पार्सल आले की लगेच उघडावे का?

बंदच ठेवून खोलीच्या तापमानाला येऊ द्यावे, निदान तीन-चार तास. बाहेर २८ अंश आणि ९० टक्के आर्द्रता असली की २६ अंशांच्या आसपासच दव धरते. एसी गाडीतून थंड आलेला नग अशा हवेत उघडला की क्षणात त्यावर पाणी धरते आणि त्या पाण्यात मीठ-धूळ चिकटते. पार्सल एसी खोलीतच उघडावे.

तपासणीचे टेबल असे: खाली काळे कापड, वर एकच तिरका पांढरा दिवा, हातात पावडर नसलेले नायट्राइल मोजे, नग कडेनेच धरायचा. आधी रबरी फुग्याने हवा मारून कण उडवावेत. तोंडाने फुंकर मारू नये. कण तसाच ठेवून पुसले तर ओरखडा तुम्हीच पाडता, आणि मग तो कोणी पाडला यावर महिनाभर ईमेल चालतात. त्यानंतर लेन्स टिश्यूवर आयसोप्रोपिल अल्कोहोलचे दोन थेंब टाकून तो एकदाच, एकाच दिशेने ओढावा आणि फेकून द्यावा. प्रत्येक नगाचा फोटो पार्सल उघडतानाच काढावा. उत्पादकाशी वाद झालाच तर तो फोटो लागतो.

साठवण कुठे करावी?

३५ ते ४५ टक्के आर्द्रता राखणाऱ्या ड्राय कॅबिनेटमध्ये. लेन्सवर बुरशी चढली की तिची आम्ले कोटिंग खातात, आणि पुसल्यावरही जाळी राहते. कॅबिनेट नसेल तर घट्ट डबा आणि रंग बदलणारी सिलिका जेल वापरावी. केशरी जेल हिरवी पडली की ११०-१२० अंशांवर दोन-तीन तास भाजून पुन्हा वापरता येते. ज्या फोममध्ये माल आला तो काढून टाकावा. आपल्याकडच्या दमट हवेत पॉलियुरेथेन फोम चिकट होऊन चुरतो आणि कोटिंगला चिकटतो.

परदेशातून मागवताना कागदपत्रांत काय चुकते?

एचएसएन क्रमांक. न बसवलेली लेन्स, प्रिझम, आरसा ९००१ मध्ये येतात आणि माउंटमध्ये बसवलेल्या ९००२ मध्ये. बिलावर एक आणि पेटीत दुसरे असले की माल कस्टम्समध्ये अडकतो, कधी कधी न वातानुकूलित गोदामात. इन्फ्रारेडची वस्तू असेल तर पुरवठादार अंतिम वापराचे लेखी पत्र मागतो. ते आधीच तयार ठेवावे. जर्मेनियमच्या लेन्सचा भाव घेताना त्याची मुदत पाहावी. १ ऑगस्ट २०२३ पासून चीनने जर्मेनियमच्या निर्यातीवर परवाना लावला, तेव्हापासून जुना भाव फार दिवस टिकत नाही.

किती दिवस आधी ऑर्डर द्यावी?

बनवून घ्यायच्या वस्तूला आठ ते बारा आठवडे धरावेत. नवी टेस्ट प्लेट लागणार असेल तर त्याहून जास्त. चवथीच्या आठवड्यात आपल्याकडे माल उतरवून घ्यायला माणूस नसतो, हे पुरवठादाराला आधी कळवावे, नाहीतर पेटी कुरियरच्या शेडमध्ये पावसाच्या ओलीत पडून राहते.

नग मोजमापात बसत नाही आणि उत्पादक मानत नाही. पुढे काय?

आधी दोघांनी एकाच पद्धतीने मोजले का ते पाहावे: तीच तरंगलांबी, तेच अ‍ॅपर्चर, तीच पॉवरची वजाबाकी, नग तसाच सैल ठेवलेला. बरेचसे भांडण इथेच मिटते. तरीही फरक राहिला तर दोन वादग्रस्त नग आणि त्यांच्यासोबत एक बिनवादाचा नग, असे तिन्ही एनएबीएलमान्य तिसऱ्या प्रयोगशाळेत पाठवावेत. बिनवादाच्या नगाचे मोजमाप दोघांच्या आकड्यांशी जुळले, तर प्रयोगशाळेची मोजणी भरवशाची; मग वादग्रस्त नगांचे तिचे मोजमाप ज्याच्या आकड्याशी जुळेल, त्याची मोजणी बरोबर. खर्च चुकणाऱ्याने भरायचा, हे परचेस ऑर्डरमध्येच लिहून ठेवावे.